मुरघास, युरिया आणि विर्तानेन: त्या मेसेजला उत्तर

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत दूधवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: मुरघास म्हणजे ॲसिडमध्ये सडवलेली वैरण, ही युक्ती फिनलंडच्या विर्तानेन नावाच्या शास्त्रज्ञाची, त्यानंच गाईंना युरिया चारून नकली दूध काढलं, जनावराला चव कळत नाही म्हणून ते हे खातं, आणि दुधाला वास येतो तो या विषाचाच. नाव तेवढं खरं, बाकीचं वाकवलेलं. वैरणीची ओढ असताना असलं वाचून चांगला मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेली हिरवी वैरण, उकिरड्यावर जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते शेती आणि पोषणाच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी, विशेषतः वैरण टिकवण्याच्या पद्धतीसाठी. त्यांनी ॲसिड वापरलं, हे खरंच आहे. पण फिनलंडचा उन्हाळा आखूड, हवा ओलसर. गवत वाळायच्या आधीच खराब व्हायचं. त्यात क्लोव्हरसारख्या द्विदल वैरणीत प्रथिनं जास्त, साखर कमी, त्यामुळं ती आपणहून नीट आंबत नाही. म्हणून पातळ हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून ते वैरणीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४ च्या खाली आणत, म्हणजे कुजवणारे जंतू थांबत. आपला मुरघास बहुतेक मक्याचा, आणि मक्यात साखर मुबलक. कुट्टी बॅगेत तुडवून हवा काढली आणि बॅगेचं तोंड घट्ट बांधलं की जीवाणू स्वतःच लॅक्टिक ॲसिड तयार करतात. दह्यात असतं तेच. त्यासाठी बाटलीतलं ॲसिड लागतच नाही.

ॲसिडचं एवढं भय असेल तर हंगामभर दावणीत पडणाऱ्या उसाच्या वाड्याकडं बघा. त्यातलं ऑक्झॅलेट, म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिडचा क्षार, जनावराच्या खाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाडं खाणाऱ्या म्हशीची काळजी या मेसेजवाल्यांनी आधी करावी.

आता युरिया. हा प्रयोग विर्तानेन यांनी खरोखर केला आणि १९६६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. गाईंना प्रथिनं अजिबात दिली नाहीत. शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर, क्षार, आणि नत्रासाठी फक्त युरिया व अमोनियमचे क्षार. तरीही काही गाईंनी वर्षाला ४,००० किलोच्या पुढं दूध दिलं, आणि त्या दुधाची घडण नेहमीच्या दुधासारखीच होती. यात नकली काय? गाईच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव अमोनियापासून स्वतःची प्रथिनं बनवतात, आणि पुढं गाय तेच पचवते. एवढं मोठं सत्य त्यांनी गोठ्यात सिद्ध करून दाखवलं, आणि आपण त्यांना भेसळखोर ठरवतोय! दुधात युरिया ओतणं हा गुन्हा आहे. त्याचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही. मात्र कुणी वाचून अंदाजानं युरिया चारू नये. एकदम जास्त पोटात गेला तर अमोनियाच्या विषबाधेनं जनावर दगावतं, आणि लहान वासराला तर तो द्यायचाच नाही.

‘जनावराला चव कळत नाही’ हे वाक्य लिहिणारा दावणीपाशी कधी उभा राहिलेला दिसत नाही. गाईच्या जिभेवर माणसापेक्षा कितीतरी जास्त रुचिकलिका असतात, नाकही आपल्यापेक्षा तिखट. घमेलं पुढं ठेवा: आधी नाकपुड्या फुलवून हुंगते, जिभेनं थोडं ओढते, मग तोंड घालते. बुरशी लागलेला गोळा असेल तर ती बहुतेक वेळा नाकानं बाजूला सारते. तिला तेवढं कळतं, आणि आपणही ते बघून शिकावं. पिवळसर-हिरवा, आंबूस गोड वासाचा मुरघास चांगला. काळा, चिकट, घाण वास मारणारा टाकून द्यायचा. भूक लागली की जनावर खराबही खातं, तेव्हा सगळा भार तिच्या नाकावर टाकू नका.

राहिला दुधाचा वास. तो कधीकधी येतो. वैरणीतले वासाचे घटक पोटातून आणि श्वासातूनही रक्तात जातात, तिथून दुधात. कांद्याची पात खाल्लेल्या गाईच्या दुधालाही तसाच वास येतो, त्याला कुणी विष म्हणत नाही. मुरघास धारेच्या तोंडावर नको, धार काढून झाल्यावर घाला, आणि उघड्या बॅगेशेजारी दुधाची किटली ठेवू नका.