पाचपैकी अडीच पायऱ्या

आमच्या कट्ट्याला अजून कट्टा म्हणावे की नाही, याविषयी गेल्या काही वर्षांत रास्त शंका निर्माण झाली आहे. परळमध्ये हिंदमाता चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत आमच्या चाळीच्या दाराशी पाच दगडी पायऱ्या होत्या आणि शाळेत असल्यापासून आम्ही त्यांच्यावरच बसत आलो. सर्वांत वरच्या पायरीवर बसले की पाय ऐसपैस पसरता येत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे थोडे वरून पाहता येई. पुढे दर काही वर्षांनी रस्ता नव्याने होत गेला, जुना थर न खरवडता त्याच्यावरच नवा थर चढत गेला, आणि आज त्या पाचपैकी अडीच पायऱ्या शिल्लक आहेत. आता बसले की गुडघे हनुवटीच्या दिशेने येतात. वयाचा दोष नाही, रस्त्याचा आहे, असे आम्ही एकमेकांना सांगतो.

२०२५ च्या ऑगस्टातल्या त्या रविवारी गणपती तीन दिवसांवर आले होते, मंडपाचे वासे गल्लीभर पडलेले होते आणि विषय अर्थातच मंगळवारी पावसात अडकलेल्या मोनोरेलचा होता. शांघायने तो काढला. त्याचे खरे नाव त्याच्या आईखेरीज कोणी घेत नाही. मुंबईचे शांघाय करण्याच्या घोषणा जोरात होत्या, त्या दिवसांत कंपनीने त्याला आठ दिवस तिकडे पाठवले होते. घोषणा कालांतराने विरून गेल्या, पण हा मात्र अद्याप तिथून पुरता परतलेला नाही.

"आपला प्रश्न एकच आहे," तो म्हणाला, "आपण मोठा विचार करत नाही. तिकडे गाडी चुंबकावर धावते."

"आपली हवेत थांबते, हे काही कमी नाही," बदलापूर म्हणाला.

बदलापूर हा आमच्यातला सर्वांत जुना सोबती. त्याचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा हा दुसरीत होता आणि बहिणीच्या लग्नासाठी चाळीतली खोली गेली तेव्हा बारावीत. तेव्हापासून तो बदलापूरला राहतो, नोकरीसाठी रोज लोकलने येतो आणि रविवारी केवळ या अडीच पायऱ्यांसाठी पुन्हा तेवढाच प्रवास करतो. त्यामुळे मुंबईविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांत जास्त त्याचाच आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी लपवत नाही.

"अकरा वर्षे ती गाडी रिकामी धावली म्हणून आपण हसलो," तो पुढे म्हणाला. "हार्बर बंद पडली, लोक नाइलाजाने तिच्याकडे वळले आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भरली, त्याच दिवशी भक्ती पार्कच्या अलीकडे अडकली. कारण काय दिले? क्षमता १०४ टनांची आणि भार झाला १०९ टनांचा. म्हणजे पाच टन मुंबईकर जास्त झाले. अरे, सकाळच्या बदलापूर लोकलला पाच टन माणसे नुसती दारात असतात."

शांघायच्या मते हा युक्तिवाद भावनिक होता. (त्याला उत्तर सुचत नसले की समोरचा युक्तिवाद भावनिक ठरतो.) एवढा पाऊस झाला, ५८२ माणसे शिड्या लावून सुखरूप उतरवली, दुसऱ्या दिवशी सगळे कामावर हजर झाले आणि यालाच मुंबईचे स्पिरिट म्हणतात, असे त्याने हात उंचावून सांगितले.

"स्पिरिट नाही रे," बदलापूर शांतपणे म्हणाला, "रजा शिल्लक नसते. मंगळवारी मध्य रेल्वे कित्येक तास बंद होती. मी रात्री इथे तात्यांच्या गॅलरीत झोपलो आणि सकाळी तोच शर्ट घालून कामावर गेलो. साहेब म्हणाले, वा, काय जिद्द आहे! जिद्द कसली, रजा टाकली असती तर पगार कापला असता."

यावर शांघायने ठेवणीतले अस्त्र बाहेर काढले, ते म्हणजे २६ जुलै २००५. एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर जगातले कोणते शहर तग धरेल, असा त्याचा सवाल होता. इतका वेळ मंडपाच्या वाशांकडे पाहत बसलेले तात्या इथे पहिल्यांदा बोलले. तात्यांनी पावसाळी गटारांच्या कामात ३४ वर्षे काढली आहेत, आणि या गल्लीखाली कोणती वाहिनी कुठे वळते, हे त्यांना घरातल्या नात्यांपेक्षा अधिक पाठ आहे.

"तो आकडा सांताक्रूझचा," तात्या म्हणाले. "त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरसुद्धा झाला नव्हता. सांताक्रूझला जे झाले, त्यापुढे कोणीही हात टेकले असते, हे मला मान्य आहे. पण गेली वीस वर्षे साठ मिलिमीटर पाऊस पडला तरी दाखला त्या ९४४ चाच दिला जातो, त्याचे काय?"

मग तात्यांनी जे सांगितले, ते आम्ही आधीही तुकड्यातुकड्याने ऐकले होते, परंतु त्या दिवशी ते सलग ऐकायला मिळाले. ब्रिटिशांच्या काळात शहराची पावसाळी गटारे बांधली गेली तेव्हा तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, असा हिशेब धरलेला होता. त्या हिशेबाच्या पोटात आणखी एक हिशेब होता: पडणाऱ्या पावसातला निम्मा जमीन पिऊन टाकेल आणि उरलेला निम्माच गटारात येईल. पुढे १९९३ च्या, याच गटारांविषयीच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितले की आता क्षमता तासाला ५० मिलिमीटरची धरा, आणि जमीन काहीही पिणार नाही असे गृहीत धरा. तो अहवाल सव्वीस जुलै उजाडेपर्यंत बहुतांशी कपाटातच राहिला.

"पंप बसवले की!" शांघाय म्हणाला.

"आठ उदंचन केंद्रे ठरली, त्यांतली सहा उभी राहिली. आपल्या हिंदमातासाठी रे रोडला ब्रिटानियाचे झाले. तरी पाणी तुंबले. मग मैदानाखाली टाक्या बांधल्या, भरतीच्या वेळी पाणी साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. टाक्यांनी फरक पडला, मी नाही म्हणणार नाही. पूर्वी सहा-सहा तास उभे राहणारे पाणी आता लवकर उतरते. पण मुळात ते उभे का राहते, हे बघ. समुद्राला मिळणारी गटारांची तोंडे १८६ आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. भरतीला आपण पाणी समुद्रात सोडत नाही, समुद्राने त्याचे पाणी आपल्याकडे सोडू नये म्हणून दारे लावून बसतो."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. ही संधी साधून वकीलसाहेबांनी घसा खाकरला आणि मूळ मुद्दा मांडण्यास सुरुवात केली. वकीलसाहेबांचा मूळ मुद्दा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा असतो. पाऊस, क्रिकेट, कांद्याचे दर, कोणताही विषय ते सरासरी सात मिनिटांत तिथवर आणून सोडतात. मात्र त्या दिवशी ते वाटेत महापालिकेपाशी थांबले. २०२२ च्या मार्चपासून २२७ प्रभागांना नगरसेवक नव्हता, प्रशासकांच्या हाती कारभार होता, २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि तो कोणत्याही निवडून आलेल्या सभागृहापुढे गेलेला नव्हता, हे त्यांनी न्यायालयात सांगावे तशा स्वरात सांगितले.

"नगरसेवक असता तरी पाणी तुंबलेच असते," शांघाय म्हणाला.

"तुंबले असते," बदलापूर म्हणाला, "पण शिव्या घालायला दारात माणूस तरी असता. प्रशासकाला कुठे गाठायचे?"

इथे चर्चा जुन्या वळणावर गेली, कारण तात्यांचा तो निम्मा पाऊस माझ्या डोक्यातून जात नव्हता आणि मी विचारले की तो पिणारी जमीन गेली कुठे. तात्यांनी उत्तर न देता मान वळवून शांघायच्या इमारतीकडे पाहिले. ती पस्तीस मजली इमारत गल्लीच्या टोकाला, पूर्वी जिथे गिरणी होती तिथे उभी आहे. खाली दोन मजली बेसमेंट, वर मोटारींचे पोडियम आणि पोडियमवर कुंड्यांतली बाग. वकीलसाहेबांनी लगेच तारखा दिल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाच्या घरांसाठी आणि तिसरा मालकाकडे जायचा होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. सुमारे ६०० एकरांची गोष्ट एका शब्दाच्या अर्थावर फिरली, असे ते म्हणाले, आणि त्यात त्यांना दुःखापेक्षा व्यावसायिक कौतुकच अधिक वाटत असावे असा मला संशय आहे.

"थांबा, थांबा," शांघाय उसळून म्हणाला, आणि त्या संध्याकाळचा त्याचा एकमेव खरा मुद्दा त्याने मांडला. "गिरणीत काय शेत होते? तिथे पत्रे होते, फरशी होती, खाते होते, धुराडे होते. ती जमीन तरी कुठे पाणी पीत होती? माझ्या टॉवरने काय नवीन केले?"

प्रश्न बिनतोड होता, हे मान्य करावे लागेल. वकीलसाहेबांनी चश्मा पुसला. मीही वाशांकडे पाहू लागलो. उत्तर बदलापूरने दिले, आणि तेही तात्यांकडे न पाहता.

"तळे होते," तो म्हणाला. "अनेक गिरण्यांत असायचे, वाफेच्या यंत्रांना पाणी लागायचे म्हणून. तुझ्या इमारतीचे लॉबीचे दार आहे ना, साधारण तिथे. माझे बाबा तिथे पोहायला शिकले. गेटवरचा पहारेकरी आमच्या गावचा होता, दुपारच्या पाळीला तो पाठ फिरवून उभा राहायचा. आपल्या चाळीतले दीड दिवसाचे गणपती त्याच तळ्यात जायचे. ते बुजवले, आणि पावसाळ्यात तेच पाणी जागा शोधत आपल्याकडे येते. त्याला अजून पत्ता बदललेला माहीत नाही."

तात्या हसले नाहीत. ते म्हणाले की परळ मुळात बेटच, आणि बेटांच्या मधल्या खाजणात भर घालून जी जमीन झाली ती बशीसारखी खोलगटच राहिली. पाणी पूर्वीपासून तिथेच यायचे, फक्त तेव्हा त्याला बसायला जागा होती. आता दर वर्षी काहीतरी उंच होते. दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उंच केला, म्हणून मोटारी कोरड्या जातात. गल्लीतला रस्ता उंच झाला, दुकानदारांनी उंबरे उंच केले, टॉवरांनी फाटकापाशी उतार उंच केला. ज्याला उंच होता आले नाही, त्याच्याकडे पाणी गेले. "मे महिन्यात भुयारी मेट्रोच्या वरळीच्या स्थानकात शिरले. म्हणजे खालून जायची सोय नाही. ऑगस्टमध्ये मोनो. म्हणजे वरूनही नाही. जमिनीवरून जायचे, तर मॅनहोल."

मॅनहोलचा उल्लेख होताच सगळे गप्प झाले. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात, इथून फार दूर नाही अशा ठिकाणी, घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले होते. झाकणे काढणारी माणसे दुष्ट नसतात. दारात कंबरभर पाणी आले की ते वाट मिळेल तिथून सोडावेसे वाटते. तात्या अशा वेळी उघड्या मॅनहोलमध्ये झाडाची फांदी उभी करून तिला लाल फडके बांधत असत आणि पाणी उतरेपर्यंत छत्री घेऊन तिथेच थांबत असत. डॉक्टरांच्या त्या घटनेनंतर झाकणांखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. आमच्या गल्लीतल्या तीनपैकी दोन मॅनहोलना जाळी आहे. तिसऱ्यापाशी तात्या अजूनही फांदी ठेवतात.

वातावरण जड झालेले शांघायला सोसत नाही. त्याच २९ ऑगस्टला आपलीही मोटार हिंदमाताला बुडाली होती, अशी आठवण त्याने काढली, आणि तिथेच तो फसला. ती मोटार बाहेर ओढायला आम्ही सात जण छातीभर पाण्यात उतरलो होतो आणि ओढण्यासाठी मंडळाचा विसर्जनाचा दोर वापरला होता. चांगला, नारळाच्या काथ्याचा, चाळीस हाती दोर. त्यानंतर आठ गणपती झाले. तो दोर परत आलेला नाही.

"दोर कुठे आहे?" तात्यांनी विचारले.

"तात्या, आपण शहरनियोजनावर बोलत होतो."

"मी शहरनियोजनावरच बोलतोय. गणपती बुधवारी येतोय. दोर कुठे आहे?"

एवढ्यात मंडपवाला टेप घेऊन आला आणि चौथरा किती उंच करायचा ते विचारू लागला, कारण मंगळवारी गल्लीत गुडघाभर पाणी होते आणि मूर्ती भिजून चालणार नव्हते. वकीलसाहेब म्हणाले तीन फूट, मी म्हणालो साडेतीन. मंडपवाल्याने टेपचे टोक रस्त्यावर टेकवले, तेव्हा तात्यांनी ते उचलून उरलेल्या अर्ध्या पायरीवर ठेवले.

"रस्त्यावरून मोजू नकोस," ते म्हणाले. "तो एका जागी राहत नाही."

शांघाय हळूच उठून निघाला होता. बदलापूरने त्याला हाक मारून पुन्हा दोराचे विचारले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला की दोर आहे, अगदी व्यवस्थित गुंडाळून ठेवला आहे, फक्त तो दुसऱ्या बेसमेंटमध्ये आहे आणि तिथले पाणी मंगळवारपासून अजून उपसलेले नाही. वकीलसाहेबांना हसू आवरेना, त्यांचा चश्मा दोन वाशांच्या मधे पडला, आणि पुढची पाच मिनिटे मोनोरेल, महापालिका व भरती-ओहोटी सोडून आम्ही सगळे तो शोधत होतो.