फाइलचा पाथ ही केवळ स्ट्रिंग नव्हे

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांमध्ये आणि शिकवणाऱ्यांमध्येही एक सल्ला बराच काळ हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: फाइलचा पाथ, म्हणजे फाइल कोठे आहे ते सांगणारा मार्ग, ही शेवटी एक साधी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ असते; फोल्डरचे नाव आणि फाइलचे नाव अधिक चिन्हाने जोडावे, मध्ये एक स्लॅश घालावा, की काम झाले; पाथ हाताळण्यासाठी असलेली पायथनची पाथलिबसारखी लायब्ररी हे उगाच मांडलेले अवडंबर आहे. या सल्ल्याच्या पुष्टीसाठी पाच कारणे दिली जातात. ऑपरेटिंग सिस्टिमला शेवटी स्ट्रिंगच द्यावी लागते, सरळ स्लॅश विंडोजवरही चालतो, नाव तोडायला आणि तपासायला स्ट्रिंगची नेहमीची फंक्शने पुरतात, पाथलिब संथ असून जुन्या फंक्शनांना तिचे ऑब्जेक्ट चालत नाहीत, आणि आपला प्रोग्राम तर फक्त लिनक्सच्या सर्व्हरवर चालणार आहे. हा सल्ला नवशिक्यांना आत्मविश्वासाने दिला जातो आणि त्याची किंमत पुढे दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, म्हणून त्यातील प्रत्येक कारण तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले कारण सर्वांत पटण्याजोगे वाटते आणि सर्वांत जास्त फसवते, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, मिळते ती अक्षरांची स्ट्रिंग नसते, ती बाइटांची माळ असते. त्या माळेत शून्य बाइट आणि स्लॅश एवढ्या दोनच गोष्टी फाइलच्या नावात निषिद्ध आहेत. बाकी काहीही चालते, मग ते यूटीएफ-8 या, अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीने वाचता येवो वा न येवो. पायथनची स्ट्रिंग मात्र युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या प्रमाणाची असते. या दोहोंमधील दरी सांधण्यासाठी पायथन 3.1 मध्ये पेप 383 नुसार (पेप म्हणजे पायथनमधील बदलांचा क्रमांकित प्रस्ताव) खास सोय करावी लागली, जिच्यामुळे न उलगडणारे बाइटही स्ट्रिंगमध्ये राखून ठेवता येतात आणि जसेच्या तसे परत देता येतात. विंडोजवर तीच नावे यूटीएफ-16 या वेगळ्या पद्धतीत असतात. म्हणजे ‘शेवटी स्ट्रिंगच’ या शब्दांत ज्या स्ट्रिंगचा उल्लेख होतो, ती दोन्ही ठिकाणी एक नाही आणि पायथनमधल्या स्ट्रिंगसारखीही नाही.

मराठी नावांच्या फायली हाताळणाऱ्याला हा फरक फार लवकर भोवतो. एका संस्थेच्या कामात माझा प्रोग्राम ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाइल शोधत होता आणि ती सापडत नाही असे सांगत होता. फोल्डर उघडून पाहिले तर फाइल समोरच होती, नावात काना-मात्रेचाही फरक दिसत नव्हता. अखेर नावातील बाइट मोजले तेव्हा उलगडा झाला. माझ्या कोडमधील नाव 46 बाइटांचे होते आणि डिस्कवरील नाव, एक्स्टेन्शन वगळून, 49 बाइटांचे. घोटाळा ‘ऱ्य’मध्ये होता. मराठीतील हा अर्धा र तीन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ या एकाच संकेतांकाने, साध्या ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. लिनक्सच्या एक्सटी4 फाइलव्यवस्थेवर, तिच्या नेहमीच्या रचनेत, या तीन वेगवेगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात. युनिकोडचे प्रमाणीकरण केले, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनरूपे एका ठरावीक रूपात आणली, तर पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे मात्र त्यानंतरही वेगळेच राहते. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही व्यवस्था नावे सुट्या घटकांच्या रूपात साठवत असे, म्हणून तेथून उतरवून घेतलेल्या जुन्या फायलींत दुसरे रूप आढळले तर नवल नाही. हे काम पाथलिबही आपल्यासाठी करत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ‘दोन स्ट्रिंग सारख्या दिसल्या की फाइल एकच’ हे गृहीतक ज्या सल्ल्याच्या मुळाशी आहे, तो सल्ला मराठीत तरी येथेच उघडा पडतो. मी त्यानंतर माणसाने टाइप केलेले नाव कोडमधून थेट जुळवणे सोडून दिले. फोल्डरमधील नावांची यादी घेऊन, दोन्ही बाजू प्रमाणित करून आणि जोडकाचे रूप वेगळे हाताळून मगच तुलना करतो.

याच मुद्द्याला लागून लांबीचा प्रश्न येतो. एक्सटी4 वर एका नावाची मर्यादा 255 बाइटांची आहे आणि देवनागरीचा प्रत्येक संकेतांक यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतो, म्हणजे हाती उरतात जेमतेम 85 संकेतांक. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. त्यात संकेतांक 10 आणि बाइट 30 असतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेवर मर्यादा 255 हीच असली तरी ती यूटीएफ-16 च्या एककांत मोजली जाते, म्हणून शासकीय परिपत्रकाच्या पूर्ण शीर्षकावरून ठेवलेले शंभर संकेतांकांचे नाव विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताना नाव फार मोठे असल्याची त्रुटी देते. स्ट्रिंगची लांबी मोजणारे नेहमीचे फंक्शन दोन्ही वेळा 100 हाच आकडा दाखवते.

आता स्लॅशकडे वळतो. सरळ स्लॅश विंडोजवर चालतो हे विधान बहुतांशी खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. 1983 साली डॉसच्या 2.0 आवृत्तीत फोल्डरांची उतरंड आली, तेव्हा सरळ स्लॅश हा आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होता, म्हणून पाथसाठी बॅकस्लॅश निवडला गेला. तरीही विंडोजची बहुतेक फंक्शने सरळ स्लॅश समजून घेतात. प्रश्न आपण विंडोजला काय देतो याचा नाही, विंडोज आपल्याला काय परत देते याचा आहे. तेथे ओएस.पाथ या पायथनच्या जुन्या मॉड्यूलचे जॉइन फंक्शन बॅकस्लॅशने नावे जोडते, त्यामुळे आपण लिहिलेला अर्धा पाथ सरळ स्लॅशचा आणि उरलेला बॅकस्लॅशचा अशी मिश्र स्ट्रिंग तयार होते. ती डेटाबेसमध्ये गेली की त्याच फाइलची दुसरी नोंद तिच्याशी जुळत नाही. याहून गंभीर प्रकार उलट दिशेने घडतो. विंडोजवर बनवलेल्या यादीत ‘अर्ज\जून.सीएसव्ही’ अशी ओळ असेल, तर लिनक्सच्या लेखी बॅकस्लॅश हे नावातील एक सामान्य चिन्ह असल्यामुळे ती ‘अर्ज’ फोल्डरमधील ‘जून’ची फाइल ठरत नाही, ते सबंध एकच नाव ठरते. या नावाने लिहायला सांगितले तर लिनक्स कोणतीही तक्रार न करता तशी विचित्र नावाची फाइल बनवते. पाथलिबमध्ये यासाठी प्युअरविंडोजपाथ हा क्लास आहे. तो लिनक्सवर बसूनही विंडोजचा पाथ विंडोजच्या नियमांनी वाचतो, दोन नावे लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता ताडून पाहतो, आणि साठवण्यासाठी सरळ स्लॅशचे रूप काढून देतो. स्ट्रिंगमधील बॅकस्लॅश सरसकट बदलून टाकणे हा त्याला पर्याय नाही, कारण लिनक्सवरील एखाद्या नावात तो खरोखरच असू शकतो.

तिसरे कारण, म्हणजे स्ट्रिंगची नेहमीची फंक्शने पुरतात हे, मला सर्वांत घातक वाटते. ‘अहवाल.2024.पीडीएफ’ हे नाव टिंबावर तोडून दुसरा तुकडा घेतला तर एक्स्टेन्शन म्हणून 2024 हाती येते. शेवटचा तुकडा घ्यावा म्हटले तर ‘/प्रकल्प.जुना/वाचा’ या पाथचे एक्स्टेन्शन ‘जुना/वाचा’ निघते, कारण टिंब फोल्डरच्या नावात आहे हे स्ट्रिंगला ठाऊक नसते. पाथलिब पहिल्याचे एक्स्टेन्शन पीडीएफ सांगते आणि दुसऱ्याला एक्स्टेन्शनच नाही असे सांगते. मात्र येथे लायब्ररीवरही डोळे मिटून विसंबू नये. ‘अहवाल.2024’ या नावाला एक्स्टेन्शन बदलण्याच्या फंक्शनातून पीडीएफ लावले, तर ती ‘.2024’ हेच जुने एक्स्टेन्शन समजते आणि ‘अहवाल.पीडीएफ’ असे नाव बनवते. वर्ष गळून पडते आणि गेल्या वर्षीचा त्याच नावाचा अहवाल पुसला जाण्याची शक्यता निर्माण होते.

हे झाले गैरसोयीचे. सुरक्षेचा प्रश्न त्यापुढचा आहे. लोकांनी पाठवलेल्या फायली ‘/माहिती/अर्ज’ याच फोल्डरमध्ये राहाव्यात म्हणून अनेक प्रोग्रामांत पाथची सुरुवात तेवढी ताडून पाहिली जाते. या तपासणीतून ‘/माहिती/अर्ज-गोपनीय/यादी’ हा पाथ सहज पार होतो, कारण त्याचीही सुरुवात त्याच अक्षरांनी होते. ‘/माहिती/अर्ज/../पगार/यादी’ हाही पार होतो, आणि दोन टिंबे एक पायरी वर चढत असल्यामुळे प्रत्यक्षात तो भलत्याच फोल्डरमध्ये जातो. पायथन 3.9 पासून पाथलिबमध्ये इज_रिलेटिव्ह_टू हे फंक्शन आहे. ते अक्षरांची तुलना न करता पाथच्या एकेका घटकाची तुलना करते, म्हणून पहिल्या फसवणुकीला दाद देत नाही. दुसरीला मात्र तेही एकटे पुरत नाही. आधी पाथलिबच्या रिझॉल्व्ह फंक्शनाने पाथ पूर्ण उलगडून घ्यावा आणि मग ही तपासणी करावी, हाच क्रम पाळावा लागतो. जोडलेले दुसरे नाव स्लॅशने सुरू होत असेल, तर पाथलिब आणि ओएस.पाथ दोघेही पहिला भाग सोडून देतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अशा चुका केवळ नवशिक्यांकडून होतात असे कोणी समजू नये. खुद्द पायथनच्या टारफाइल या, फायलींचे संग्रह हाताळणाऱ्या मॉड्यूलमध्ये, दोन टिंबांची नावे असलेले संग्रह उलगडताना फोल्डरबाहेर लिहिले जाण्याचा दोष 2007 साली सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2007-4559 या क्रमांकाने नोंदला गेला. अशी नावे अडवणारी गाळणी पेप 706 नुसार पायथन 3.12 मध्ये आली आणि सुरक्षित गाळणी हीच मूळ पद्धत 3.14 मध्ये झाली.

दोन टिंबे आपणच स्ट्रिंगमधून छाटून टाकावीत असेही कोणी सुचवतात. समजा ‘/माहिती/चालू’ हा फोल्डर म्हणजे ‘/साठा/2025/चालू’कडे नेणारा सांकेतिक दुवा आहे. तर ‘/माहिती/चालू/../जुने’ या पाथने ऑपरेटिंग सिस्टिम ‘/साठा/2025/जुने’ येथे पोहोचते. छाटलेली स्ट्रिंग मात्र ‘/माहिती/जुने’कडे बोट दाखवते. पाथलिब ही दोन टिंबे आपणहून काढत नाही, ते याच कारणाने.

चौथ्या आक्षेपाचे दोन भाग आहेत. जुनी फंक्शने पाथलिबचे ऑब्जेक्ट घेत नाहीत ही तक्रार एके काळी रास्त होती. अँटवान पित्रू यांच्या पेप 428 मधून पाथलिब 2014 साली पायथन 3.4 मध्ये आली, तेव्हा फाइल उघडण्याच्या साध्या ओपन फंक्शनालाही आधी स्ट्रिंग करून द्यावी लागे. 2016 च्या डिसेंबरात आलेल्या 3.6 आवृत्तीत पेप 519 ने ही अडचण दूर केली. तेव्हापासून ओपन आणि ओएस.पाथमधील फंक्शने हे ऑब्जेक्ट थेट स्वीकारतात, तरी तक्रार मात्र अजून जशीच्या तशी सांगितली जाते. वेगाबद्दलचा भाग खरा आहे: प्रत्येक ऑब्जेक्ट बनवण्याला स्ट्रिंगपेक्षा जास्त वेळ लागतो. ज्या प्रोग्रामाला लाखो नावांवरून फिरायचे आहे त्याने फोल्डरमधील नावे वाचणारे ओएस.स्कॅनडिर हे फंक्शन वापरावे, हे मी स्वतः सांगतो. शे-दोनशे फायली उघडून वाचणाऱ्या प्रोग्रामात मात्र सारा वेळ डिस्कपाशी जातो.

राहिला लिनक्सचा मुद्दा. प्रोग्राम लिनक्सवर चालत असला तरी नावे लिनक्सवर जन्मत नाहीत. ती कार्यालयांतील आणि महाविद्यालयांतील विंडोजच्या संगणकांवरून येतात आणि तयार झालेल्या फायली तेथेच परत जातात. आपल्याकडील विद्यापीठांत विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाला सर्रास पीआरएन म्हणतात, आणि त्या क्रमांकांच्या यादीला रोमन लिपीत हेच तीन अक्षरी नाव देण्याचा मोह कोणालाही होईल. विंडोजने ते नाव डॉसच्या काळापासून प्रिंटरसाठी राखून ठेवले आहे, आणि त्याला एक्स्टेन्शन जोडूनही ते वापरू नये असे मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवजीकरण सांगते. कॉन, ऑक्स आणि नल ही नावेही त्याच पंगतीतली. लिनक्सच्या सर्व्हरवर अशी फाइल बिनबोभाट बनते. अडते ती ती उतरवून घेणाऱ्या लिपिकाच्या संगणकावर, जेथे कोड लिहिणारा हजर नसतो. पायथन 3.13 पासून ओएस.पाथमध्ये राखीव नाव ओळखणारे फंक्शन आहे, पण ते विंडोजवरच उपलब्ध असल्यामुळे सर्व्हरवरील प्रोग्रामाला ही मोजकी नावे स्वतःच्या यादीत ठेवून फाइल बनवण्यापूर्वी तपासावी लागतात.

स्ट्रिंगच योग्य ठरते अशी एक जागा मात्र नक्की आहे. पाथलिब पाथच्या सुरुवातीचे ‘./’ आणि शेवटचा स्लॅश काढून टाकते. एरवी त्याने काही बिघडत नाही, परंतु चालू फोल्डरमधीलच प्रोग्राम चालवायचा असेल तेव्हा ‘./तपासणी’ आणि नुसते ‘तपासणी’ यांचा अर्थ वेगळा होतो: पहिल्याने याच फोल्डरमधील प्रोग्राम चालतो, दुसऱ्याने सिस्टिमच्या ठरलेल्या फोल्डरांमध्ये त्या नावाचा शोध घेतला जातो. अशी आज्ञा चालवताना एक तर स्ट्रिंग जशीच्या तशी द्यावी, किंवा पाथ रिझॉल्व्हने पूर्ण करून मग द्यावा. मी दुसरा मार्ग पत्करतो, कारण त्यात प्रोग्राम कोणत्या फोल्डरमधून सुरू झाला होता हे नंतर लॉगमध्येही वाचता येते.