छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा दिसतो

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीतील एक वहिनी मुदत ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान एसटीत चालक होते, तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यांच्या पश्चात मिळालेल्या पैशांतली सहा लाखांची ही एकच ठेव आहे, जिच्या तिमाही व्याजावर वहिनींची औषधे आणि लाइटबिल भागते. ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज कसा लिहायचा, एवढेच त्यांना विचारायचे होते. कशासाठी मोडता, असे विचारल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. भाच्याने पाठवलेला संदेश होता: कच्चे तेल पडले आहे, तेल कंपन्यांचे शेअर पडत्या भावात मिळत आहेत, लाभांश तीनशे टक्के, घरबसल्या पेन्शन.

"तीनशे टक्के म्हणजे शंभराला तीनशेच की हो, सर?"

चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला या प्रश्नावर हसू यायला हवे होते. मला संताप आला, आणि तो वहिनींवर अजिबात नव्हता.

लाभांशाची, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरमागे वाटते त्या पैशांची, टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे त्याच्या कागदोपत्री मूळ किमतीवर सांगतात, बाजारभावावर नव्हे, हे संदेश पाठवणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने दुसऱ्याच्या ठेवीला हात घालू नये, आणि माहीत असूनही त्याने ते लपवले असेल तर त्याला काय म्हणावे हे तुम्हीच ठरवा. पाच रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरवर तीनशे टक्के म्हणजे पंधरा रुपये. तोच शेअर बाजारात अडीचशे रुपयांना मिळत असेल, तर शंभराला सहा रुपये पडतात. तीनशे कुठे आणि सहा कुठे! तेही त्या वर्षी कंपनीने दिले तर.

संदेशाच्या तळाशी आणखी एक आकडा होता, नऊ टक्के परताव्याचा. हा आकडा खोटा नसतो, म्हणूनच तो अधिक घातक असतो. दोनशे रुपयांचा शेअर वर्षाला दहा रुपये देत असेल तर परतावा पाच टक्के. तेलाबरोबर तो शेअर एकशे दहावर आला की तेच दहा रुपये नऊ टक्के दिसू लागतात. कंपनीने एक पैसाही वाढवून दिलेला नाही. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो, हे पाचवीतल्या मुलाला कळते. शिवाय वर बसलेले दहा रुपये गेल्या वर्षीचे असतात, त्या वेळच्या तेलाच्या भावावर कमावलेले, आणि खालचा भाव आजचा असतो. अंश एका वर्षाचा आणि छेद दुसऱ्या वर्षाचा असे गणित एखाद्या विद्यार्थ्याने मांडले असते, तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

आता माझे सांगतो, कारण हा शहाणपणा मला पुस्तकातून आलेला नाही. मी मे २०१४ मध्ये निवृत्त झालो. त्याच्या पुढच्याच महिन्यात ब्रेंट तेल, म्हणजे ज्याच्या भावावरून जगात कच्च्या तेलाचा भाव मोजतात ते, पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होते. मग अमेरिकेतल्या शेल खडकांतून निघणाऱ्या तेलाचा पूर आला, नोव्हेंबरात ओपेक या तेल उत्पादक देशांच्या संघटनेने उत्पादन घटवायला नकार दिला आणि भाव कोसळला. जून २०१५ मध्ये तो साठ डॉलरच्या घरात सावरलेला दिसला, तेव्हा मला वाटले की तळ गेला. मी दोन दिवसांत, एकाच दमात, ग्रॅच्युइटीतले चार लाख रुपये तेल काढणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले. आमचा स्लॅब तेव्हा गळत होता. सौ.ला मी छातीठोकपणे सांगितले, "मुद्दलाला हात न लावता लाभांशातून स्लॅब करून दाखवतो."

ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "व्याज असलं तर पासबुकात छापून येतंय. ह्यांनी नाही दिलं तर विचारायला कुठं जायचं?"

मी तिला शेअर बाजारावर अर्धा तास व्याख्यान दिले. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नव्हते, हे आज कबूल करतो.

जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट २८ डॉलरच्याही खाली गेले. मी घेतलेला शेअर तिसऱ्या हिश्शाने घसरला, आणि पावसाळ्यापूर्वी स्लॅब करायचाच म्हणून मिस्त्रीने सव्वा लाखाचा अंदाज दिला, तेव्हा तोवर माझ्या खात्यावर लाभांश जमा झाला होता चौदा हजार. फेब्रुवारीत, बाजार सगळ्यांत वाईट असताना, दोन लाखांना घेतलेले शेअर मी विकले आणि हाती एक लाख तीस हजार आले. उरलेले शेअर पुढे सावरले, हेही खरे आहे. पण स्लॅबला थांबता येत नव्हते, आणि बाजाराला माझ्या पावसाळ्याचे काही देणेघेणे नव्हते.

सांगलीच्या माणसाला हे मी सांगावे लागू नये. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवून दराची वाट पाहणारी माणसे आपण पाहिली आहेत. दर पडल्यावर ज्याच्या घरात वर्षाचे धान्य भरलेले आहे त्याचे पेव बंद राहते, आणि ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याला ते सगळ्यांत पडत्या दराला उघडावे लागते. माझे वडील अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांच्या तोंडी हे मी शंभरदा ऐकले होते. आणि २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरले, तेव्हा सगळा माल एकाच ठिकाणी ठेवण्याचे काय होते हेही आपण पाहिले. एवढे पाहूनही मी चार लाख एकाच पेवात घातले. वडील असते तर बोलले नसते, फक्त चष्म्यावरून पाहिले असते.

मोठ्या कंपन्या लाभांश कधी तोडत नाहीत, असे मला तेव्हा सांगणारे पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शेल या युरोपातल्या बड्या तेल कंपनीने लाभांश कधीच कमी केला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये तिने तो शेअरमागे ४७ सेंटवरून थेट १६ सेंटवर आणला. अमेरिकेतल्या कोनोकोफिलिप्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिमाही लाभांश ७४ सेंटवरून २५ वर आणला होता. एक्सॉनमोबिलने २०२० मध्ये लाभांश टिकवला, हे मान्य करतो, पण त्या वर्षी तिला २२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता आणि तिने मोठी कर्जे काढली होती. कर्ज काढून दिलेल्या लाभांशाला पेन्शन म्हणायचे असेल, तर ती किती दिवस चालेल याचा हिशेब भाच्याने मांडावा.

आपल्याकडे तर "तेल कंपनी" हा शब्दच फसवा आहे. जमिनीतून तेल काढणाऱ्या कंपनीचे तेल पडले की थेट उत्पन्न पडते. तेल शुद्ध करून पंपावर विकणाऱ्या कंपनीला ते स्वस्त पडते खरे, पण टाक्यांत आधी महाग घेतलेला साठा असतो, त्याचा फटका तिला प्रथम बसतो, आणि पुढे सुटणारा नफा तिच्याकडे राहील की उत्पादन शुल्काच्या रूपाने सरकारकडे जाईल, हे तिच्या हातात नसते. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात ते शुल्क नऊ वेळा वाढले. मे २०२० मध्ये एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये चढले. तेल पडले म्हणून मिरज रस्त्यावरच्या पंपावर तुम्हाला कधी मनासारखे स्वस्त पेट्रोल मिळाले आहे का? आणि १ जुलै २०२२ रोजी, तेल महाग असताना, काढणाऱ्यांच्या वाढीव नफ्यावर वेगळा कर बसला, तो डिसेंबर २०२४ पर्यंत राहिला. म्हणजे चढतीचा नफा पूर्ण मिळण्याची खात्री नाही आणि पडतीचा तोटा मात्र अंगावरच.

सरकारी कंपन्यांना करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढा लाभांश द्यावा, अशी सरकारची मार्गदर्शक सूचना आहे, हा मुद्दा कुणीतरी काढणारच. आहे. तिच्यामुळे लाभांश बहुधा शून्यावर जात नाही. तो गेल्या वर्षीइतकाच येईल, असे मात्र तिच्यात कुठेही लिहिलेले नाही.

हे वाचून मी शेअर बाजाराच्या विरोधात आहे असे समजू नका. आजही माझ्याकडे लाभांश देणारे शेअर आहेत, त्यांत तेलाचेही आहेत, आणि तेल पडलेले असताना मी ते घेतोसुद्धा. फक्त आता ठरलेल्या रकमेचे चार भाग करतो आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतराने घेतो, कारण तळ कुठे आहे हे मला २०१५ मध्ये कळले नव्हते आणि आजही कळत नाही. कंपनीने २०१५-१६ आणि २०२०-२१ या दोन वाईट वर्षांत काय दिले, ते आधी पाहतो. चांगल्या वर्षाचा लाभांश काय, कुणीही देतो. एकदाच दिलेला विशेष लाभांश त्यातून वजा करतो, आणि धंद्यातून आलेल्या रोख पैशातून लाभांश भागला की उसनवारीवर, हे ताळेबंदाशेजारच्या रोख प्रवाहाच्या पानावर शोधतो. ते पान कंटाळवाणे असते, पण दहावीच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला कशाचाच कंटाळा येत नाही. तेलाचा हिस्सा माझ्या एकूण पुंजीच्या विसाव्या भागावर जाऊ देत नाही. लाभांशाच्या आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकण्याची युक्ती तर करूच नये. लाभांशाचा हक्क सुटतो त्या दिवशी भाव साधारण तेवढ्याने खालीच उघडतो, आणि एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जाऊन त्यावर आपल्यालाच कर भरावा लागतो.

मुदत ठेवीचे व्याज महागाईला पुरत नाही, हेही मान्य. आणि बुडालेल्या बँकांच्या दारात सांगलीकरांनी किती हेलपाटे घातले आहेत, हे मला कुणी सांगायला नको. ठेवीला विमा आहे तोही एका बँकेत पाच लाखांपर्यंतच, म्हणून वहिनींची सहा लाखांची ठेव दोन बँकांत असायला हवी, हे मी त्यांना आजच सांगितले.

सकाळी मी भाच्याला फोन करून चार शब्द सुनावणार होतो. केलाही. पलीकडून चोवीस वर्षांचे पोर बोलले. कुपवाडच्या कारखान्यात कंत्राटी काम करते, संदेश कुठल्याशा गटातून आलेला, त्याने स्वतःचेही वीस हजार घातलेले. "मामीला जरा जास्त मिळावं म्हणून पाठवलं, सर." माझा आवाज आपोआप खाली आला. त्याच वीस हजारांचे चार भाग करायला हवे होते, एवढेच म्हणालो, आणि रविवारी ये, ते कंटाळवाणे पान दाखवतो, असे सांगितले.

वहिनी अर्ज न लिहिताच घरी गेल्या. जाताना दारात थांबून सौ.ला म्हणाल्या, "पण त्यांनी नाही दिलं, तर मागायचं कुणाकडं हो?" सौ.ने माझ्याकडे पाहिले. दहा वर्षांनी तोच प्रश्न, तोही तिने न शिकवता.

आत्ता हे तिला वाचून दाखवले. तिची एकच दुरुस्ती आहे: त्या एक लाख तीस हजारांत केलेला स्लॅब मोरीच्या कोपऱ्यात अजून गळतो, तेवढे लिहा.