वय चोरा, पण वार्षिकांक छापू नका

तुमच्या देशाला वीस वर्षांखालची प्रादेशिक फुटबॉल स्पर्धा जिंकायची आहे ना? मग पोरं घडवण्याच्या फंदात पडू नका. त्यात वर्षानुवर्षं जातात आणि तोवर तुमची फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची मुदत संपते. तयार गडी घ्या आणि दाखल्यावर त्यांचं वय तेवढं उतरवा.

१९८८ साली मेक्सिकोने हेच केलं. ग्वाटेमालातल्या कॉनकॅकॅफच्या (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल संघटनेच्या) युवा स्पर्धेत वयोमर्यादा ओलांडलेले किमान चार बाप्ये ‘होतकरू’ म्हणून मैदानात उतरवले. मैदानावर सगळं बिनबोभाट पार पडलं. घोळ झाला तो छपाईत. मेक्सिकोच्या महासंघाच्या स्वतःच्याच वार्षिकांकात त्यांच्या खऱ्या जन्मतारखा होत्या, आणि पत्रकार मंडळींना नको ते वाचायची सवय असते. फिफाने मग युवा संघावर न थांबता मेक्सिकोच्या सगळ्याच राष्ट्रीय संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. सोल ऑलिंपिक गेलं, १९९०चा विश्वचषकही गेला. मेक्सिकोचा गोलवीर ह्यूगो सांचेझ याने १९८९-९०च्या मोसमात रेआल माद्रिदसाठी लीगमध्ये ३८ गोल ठोकले होते. विश्वचषकात मात्र त्याला प्रवेश नाही. का, तर कुणीतरी पोरांच्या स्पर्धेसाठी तारखा खोडल्या! म्हणून वार्षिकांक छापूच नका. छापलाच, तर त्यात फक्त तुमचे फोटो टाका.

सतरा वर्षांखालच्या स्पर्धेपासून मात्र चार हात लांब राहा. तिथे मनगटाचा एमआरआय काढतात. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी पूर्ण जुळलेली दिसली, की खेळ खलास; जन्मदाखल्यावर कितीही शिक्के मारा, मनगट ऐकत नाही. २०२३च्या सुरुवातीला कॅमेरूनने पात्रता स्पर्धेआधी आपल्याच ३० पोरांची तपासणी केली, त्यात २१ जण गळाले. इतकी घाई करून आधीच कशाला बघायचं, हे मला तरी कळलेलं नाही. वीस वर्षांखाली हे यंत्र फारसं कामाचं नाही, कारण त्या वयात खऱ्या पोरांचीही हाडं जुळलेली असतात. विज्ञानाची अशी कृपा वाया घालवू नये.

आणि एवढं धाडस होत नसेल, तर अगदी कायदेशीर मार्गही आहे. वय १ जानेवारीपासून मोजतात. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली थोराड पोरं निवडा आणि त्याला ‘गुणवत्ता शोध’ म्हणा. डिसेंबरात जन्मलेला एखादा चपळ पोरगा रडत घरी गेला, तर त्याच्या आईबापांना विचारा, जरा थांबता येत नव्हतं का?