आधी सत्कार, मग चित्रं

चित्रप्रदर्शनाच्या पत्रिकेवर वेळ सायंकाळी ५. पाहुणे उगवले पावणेसातला. संभाजीनगरचा मे महिना, बंद पडलेला कूलर, आणि तोवर चित्रं बघावीत म्हटलं तर तेही नाही. फीत कापायची बाकी!

मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. सत्काराला एकोणीस माणसं. त्यातल्या एकानं तरी ब्रश धरला असेल का हो? निदान भिंत रंगवायला?

आणि भाषणं! प्रत्येकाची गाडी अजिंठ्याहूनच सुटणार. "आपल्याला दोन हजार वर्षांचा वारसा आहे!" आहे ना बाप्पा, इथून शंभर किलोमीटरवर आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी रंगवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. बिचाऱ्याला शालही मिळाली नसेल. इथला जिवंत चित्रकार कोपऱ्यात उभा, त्याला मात्र "दोन मिनिटांत आटपा". कार्यक्रमाचं नाव काय तर म्हणे 'चित्रकाराशी गप्पा'!

मग समोसे. रिकाम्या प्लेटा कुठं? शिल्पाच्या चौथऱ्यावर. एका काकांनी तर तेलकट बोटानं कॅनव्हास ओला आहे का ते तपासलं.

साडेआठला वॉचमननं दिवे घालवले. मी एकूण तीन चित्रं पाहिली. त्यातलं तिसरं मोबाईलच्या टॉर्चवर.