पहाटे साडेचारची स्लाइड

आमच्याकडे भाचा राहतो. एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. इथे इंदूरात भंवरकुआला रात्रभर उघडी असणारी लायब्ररी लावली आहे. परवा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, माझी चार तासांत झोप होते." आणि पंगतीतले सगळे, आमचे हे धरून, त्याच्याकडे असे कौतुकाने बघायला लागले की जणू निकालच लागला. मी पोळी वाढली आणि गप्प बसले. पण ते डोक्यात राहिलं. म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी सव्वीस वर्षं इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते. त्यातली निम्मी नाइट ड्यूटीत गेली असतील. 2003 च्या पावसाळ्यातली गोष्ट. सलग पाचवी नाइट. आलिराजपूरकडचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आला होता, थंडी वाजून ताप. मलेरियाच्या स्लाइडचा, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबाचा नियम असा की सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली निदान 100 फील्ड (एका वेळी दिसतो तेवढा गोल भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. मी शंभर बघितले, मोजून. साडेचारला रिपोर्टवर सही केली. सकाळी आमच्या सरांनी तीच स्लाइड लावली, तर व्हायव्हॅक्सच्या रिंगा, म्हणजे मलेरियाचे अंगठीसारखे दिसणारे जंतू. एखादी कोपऱ्यात लपलेली असती तर समजू शकले असते. चांगल्या दहा-बारा होत्या.

सर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "बघितली होतीस ना?" मी म्हटलं, "बघितली होती सर." आणि मी खोटं बोलत नव्हते. (मुलाला सकाळीच औषध सुरू झालं, चार दिवसांत बरा होऊन घरी गेला. पण ते माझ्या कर्तृत्वाने नाही.)

बघूनही दिसलं कसं नाही, हे मला पुढे कितीतरी वर्षं कुरतडत होतं. मिळेल ते वाचत गेले. आपली नजर कॅमेऱ्यासारखी सगळं एकदम टिपत नाही. हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच नीट, बारकाईने दिसतं. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर पाव सेकंदभर थांबतो. जे काही वाचायचं, ओळखायचं, ते त्या थांब्यावर. झोप अपुरी असली की या उड्यांचा वेग घटतो. हलत्या वस्तूमागे नजर सलग जात नाही, मागे पडते आणि मग झटका देऊन गाठते. पापणी मिटली की उघडायला वेळ लावते. अंधारात बाहुली आपली आपण लहानमोठी होत राहते. आणि शेवटी बुबुळं हळूहळू इकडून तिकडे सरकायला लागतात, नदीत सोडलेल्या द्रोणासारखी. हे खरं तर झोपेच्या उंबरठ्यावरचं लक्षण. पण माणूस खुर्चीत ताठ बसलेला असतो, हातात पेन असतं.

बॉस्टनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच पकडलं, 2004 साली ते प्रसिद्ध झालं. वीस इंटर्न डॉक्टर, डोळ्यांशेजारी इलेक्ट्रोड चिकटवून ड्यूटी करणारे. जागेपणी काम चालू असताना बुबुळं अशी सरकली की ती एक चूक धरायची, लक्ष सुटल्याची. कामाचे तास कमी केल्यावर रात्रपाळीतल्या अशा चुका निम्म्यावर आल्या. डॉक्टर तेच होते हं, मेहनतीही तितकेच. बदललं होतं फक्त ड्यूटीचं वेळापत्रक.

लक्षाचं आणखी एक गंमतीचं आहे. अपुऱ्या झोपेने ते दिव्यासारखं मंद होत जात नाही. ते लुकलुकतं. आमच्या लहानपणी रामबागेत व्होल्टेज असं यायचं: पाच मिनिटं लख्ख, मग क्षणभर गुल, परत लख्ख. हे मोजायची एक दहा मिनिटांची चाचणी आहे. पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं, बस्स. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला तर ती चूक. झोप झालेल्यांच्या चुका अगदी तुरळक. जागलेल्यांचंही बरंचसं ठीकच असतं, पण मध्येच सुटतं. माझ्या शंभर फील्डमधले ऐंशी मी उत्तम बघितले असतील. रिंगा उरलेल्या विसात होत्या.

आणि साडेचारच का? मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचा एक गोळा आहे. तेच शरीराचं घड्याळ. सरासरी 24 तासांहून दहा-बारा मिनिटं मागे चालतं आणि रोजच्या उजेडावर आपली वेळ लावून घेतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते शरीराचं तापमान सगळ्यात खाली आणतं आणि लक्षही तेव्हाच तळाला जातं. नाइट संपल्यावर आम्ही मैत्रिणी पोहे-जलेबी खायचो आणि एकदम तरतरी यायची. वर्षानुवर्षं मी ते श्रेय पोह्यांना दिलं! खरं तर तो घड्याळाचा चढता काटा असतो. झोपेची उधारी तशीच बाकी असते, आणि त्या फसव्या तरतरीत आपण गाडीला किक मारतो. वर ते सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळाला वाटतं, दिवस उजाडला. मग घरी कितीही चादरी लावा खिडकीला. 'नाइटची सवय होते' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. सवय होते ती चिडचिडीची.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. झोप कमी पडलेल्या माणसाला 'झोप येतेय का?' असं विचारून आपण निर्धास्त होतो. फिलाडेल्फियात 2003 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. (चार नाही, सहा! आपल्यात किती घरांत ही सर्वसामान्य झोप मानली जाते.) शेवटी त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र जागलेल्या माणसांइतकं घसरलं होतं. ते स्वतः मात्र म्हणत होते, थोडीशीच झोप येतेय. तक्रार थांबली होती, घसरण थांबली नव्हती.

मागच्या दिवाळीत पुण्याहून रात्रीच्या बसने परतत होते. पहाटे चारला सेंधव्याच्या अलीकडे ढाब्यावर गाडी थांबली. ड्रायव्हर आदल्या रात्री हीच गाडी पुण्याला घेऊन गेला होता, हे त्यानेच सांगितलं. मी विचारलं, भैया, नींद? म्हणाला, "चिंता मत करो मैडम, आदत है." चांगला माणूस होता, चहासुद्धा त्यानेच पाजला. पण सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा चालतो, हे 1997 मध्येच मोजून झालंय. आपल्या कायद्यात मर्यादा 0.03 ची आहे. नाक्यावर फुंकायला लावतात, पण कधीपासून जागा आहेस, हे कोणी विचारत नाही. मला विचाराल तर ड्रायव्हर, नर्स, टेक्निशियन, सगळ्यांना दोनच प्रश्न करा: उठलास कधी, आणि आत्ता वाजले किती. 'कसं वाटतंय' हे त्याला विचारूच नका. ज्या मेंदूने सांगायचं, तोच तर पेंगतोय.

इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री एकला भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, मीही त्यातलीच. ते दुसऱ्या दिवशी कोणाची स्लाइड बघत नाहीत.

तर भाचा. काल रात्री दोनला लायब्ररीतून आला, तेव्हा मी मुद्दाम जागी होते. लाकडी फूटपट्टी घेतली, त्याच्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वरून सोडायची आणि त्याने पकडायची. दहा वेळा केलं. आठ वेळा त्याने सोळा-सतरा सेंटिमीटरवर झक्क पकडली. दोनदा पूर्ण तीस सेंटिमीटर निसटून फरशीवर पडली, चिमूट मागाहून मिटली.

मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मावशी, तुझी पट्टी गुळगुळीत आहे."