बहात्तर तासांचा डबा

"तरंगतं का हो?" हा प्रश्न क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह, झालेल्या माणसाला सगळे विचारतात. डॉक्टर सोडून. कारण शौच तरंगणं ही बहुतेक वेळा वायूची करामत असते. चरबीच्या खुणा वेगळ्या: पाण्यावर तेलकट तवंग, कितीही पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसणं, आणि घरातल्यांना न सांगता खिडक्या उघडायला लावणारा वास. तिन्ही बाबतींत माझी प्रगती उत्तम होती.

चरबी फोडायला लायपेज हे पाचक एन्झाइम लागतं आणि ते पाठवण्याचं काम मुख्यतः स्वादुपिंडाचं. त्याचं उत्पादन दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत शौचात चरबी सहसा वाढत नाही. नव्वद टक्के कामगार उठून गेले तरी उरलेले बिचारे कारखाना ओढत राहतात आणि मालकाला पत्ता नसतो. मालक म्हणजे मी.

आधी इलास्टेजची चाचणी झाली. इलास्टेज हेही स्वादुपिंडाचंच एन्झाइम; शौचात ते किती सापडतं यावरून कारखाना किती चालतोय ते कळतं. ही सभ्य चाचणी. चमच्याच्या टोकावर मावेल एवढा नमुना, पथ्य नाही. एन्झाइमच्या कॅप्सूल चालू असल्या तरी बिघडत नाही, कारण कॅप्सूलमधलं इलास्टेज डुकराचं आणि चाचणी ओळखते माणसाचं. आपलं माणूसपण असं लेखी सिद्ध होण्याचे प्रसंग कमीच येतात. फक्त जुलाब होत असताना नमुना देऊ नये. पाण्यामुळे आकडा उगाच खाली येतो. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ठीक, १०० च्या खाली असेल तर प्रकरण गंभीर. माझा आकडा मधोमध जाऊन बसला. आयुष्यभर काठावर पास होत आलेल्या माणसाच्या स्वादुपिंडाने वेगळं काय करावं!

"आता बहात्तर तासांची करू," डॉक्टर म्हणाले. "रोज शंभर ग्रॅम फॅट खायचं. गोळा करायच्या आधीपासून सुरुवात करा. आणि तीन दिवसांचं सगळं आणून द्या."

"सगळं?" बायकोने विचारलं.

"सगळं."

शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे घरात वजनकाटा येईपर्यंत कळलं नव्हतं. जी बाई माझ्या ताटातला तेलाचा थेंब टिपून घेत असे, तीच आता "अहो, अजून अठरा ग्रॅम राहिलं" म्हणत लोणी घेऊन मागे लागली. त्यात कॅप्सूल बंद. पोटाने काय काय केलं ते लिहीत नाही.

डबा थंड ठेवायचा होता. फ्रिजचा विषय मी काढला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटवला. बाल्कनीत बर्फाची वेगळी पेटी आली. घराबाहेर पडायची सोय नव्हती, कारण एकदा जरी बाहेर जावं लागलं तरी हिशेब चुकतो. बोलावणी आली ती मी "तब्येत" एवढंच सांगून टाळली. आणि गंमत बघा, एरवी धाव घ्यायला लावणारं पोट डबा समोर दिसताच नव्या नवरीसारखं लाजायला लागलं.

शौचातली चरबी मोजायची एक प्रसिद्ध पद्धत व्हॅन डी कामर आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली मांडली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात तिला 'जलद' म्हटलं आहे. प्रयोगशाळेपुरतं ते खरंही असेल. त्यांनी डबा भरला नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

शेवटच्या दिवशी डबा पिशवीत घालून लॅबकडे निघालो. लिफ्टमध्ये शेजारी भेटले.

"काय, जेवणाचा डबा?"

"हो," मी म्हणालो, "परवापासूनचा."

रिपोर्ट आला. शंभर ग्रॅम खाऊन दिवसाला सात ग्रॅमपेक्षा कमी चरबी बाहेर पडली तर माणूस नॉर्मल. मी सातला बराच मागे टाकून पुढे गेलो होतो. डॉक्टरांनी कॅप्सूल वाढवल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते पुन्हा बजावलं: पहिल्या घासाबरोबर आणि जेवताना मध्ये, ताट उचलल्यावर नाही.

"म्हणजे आता तेल-लोणी बंद ना?" बायको.

"नाही, नाही. कॅप्सूल घेऊन नीट खाऊ द्या. चरबी तोडली की वजन आणखी उतरतं. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं तशीही कमी पडतात यांना."

ती जरा वेळ गप्प राहिली. "आणि हे चालतंय की नाही, ते बघायला ती डब्याची चाचणी परत?"

"गरज पडली तर."

"पडणार नाही," ती म्हणाली. "कॅप्सूल मी मोजून देते."